ओम्नी, ट्रॅक्टरची बॅटरी आणि २४ इंची टीव्ही : बामणोलीच्या कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३, रविवार, सातारा

काम असं आहे. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या अण्णांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते, आता एकोणसत्तर. दिवाळी झाली की बामणोलीकडं पाण्याच्या कडेला एक-दोन रात्री राहायचं असं त्यांनी या वर्षी ठरवलंच आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात तंबू टाकायचा, झोपायला आपली ओम्नी आहेच. तारीख निघाली १८-१९ नोव्हेंबर आणि मग लक्षात आलं की १९ ला वर्ल्डकपची फायनल. अण्णांनी रेडिओच्या काळापासून भारताची फायनल कधी सोडलेली नाही. तारीख बदला म्हणलं तर नको म्हणाले, ताई-दाजी भाऊबीजेला आलेले असणार, सगळे परत एकत्र कधी सापडतील. तिथं मोबाईलला धड रेंज नाही, त्या वावरात लाईट नाही. म्हणजे टीव्ही न्यायचा आणि गाडीच्या बॅटरीवर चालवायचा. टॉस दीडला, मॅच संपायला साडेनऊ-दहा, म्हणजे कमीत कमी आठ तास. हे आठ तास डोक्यात ठेवूनच खालचं सगळं वाचा.

आज पहिला प्रयोग, घरासमोरच. घरातला ३२ इंची टीव्ही, ९०० रुपयांचा १५० वॅटचा इन्व्हर्टर, तो सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये. ऑस्ट्रेलियाची बॅटिंग सुरू झाली तेव्हा लावला. चालू झाला, सगळ्यांना आनंद. पण स्पीकरमधनं सारखी घरघर, इन्व्हर्टरचा पंखा कॉमेंट्रीपेक्षा मोठा, आणि पावणेचारच्या सुमाराला इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला आणि बंद. गाडीला सेल्फ मारला तर नुसतं कट-कट. शेजारच्या दोन पोरांना घेऊन ढकलून चालू केली.

दोन तास सुद्धा नाही. आणि एक चूक संध्याकाळी कळली, चावी एसीसीवर (फक्त रेडिओ-लायटरपुरती वीज) ठेवायच्या ऐवजी पूर्ण ऑनवर राहिली होती, म्हणजे टीव्हीबरोबर गाडीचं पण बरंच काही बॅटरी खात बसलं होतं.

११ ऑक्टोबर

दाजी एमआयडीसीत वायरमन आहेत, त्यांनी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजतो) आणला. हे मीटर मिळालं तर आधी मोजा आणि मग खरेदी करा, मी उलटं केलं.

मोजलेले आकडे : इन्व्हर्टर नुसता चालू, टीव्ही नाही, तरी ०.६ ॲम्पियर. ३२ इंची टीव्ही फुल ब्राइटनेसला सगळं धरून ५.४. ब्राइटनेस ४० वर आणला की ३.९. सेट टॉप बॉक्स वेगळा.

दाजींनी हिशेब मांडला. ओम्नीची बॅटरी ३५ एएचची (ॲम्पियर गुणिले तास), त्यात तीन वर्षं जुनी. गाडीची बॅटरी सेल्फसाठी असते, क्षणभर भरपूर करंट द्यायला, तिच्या प्लेटा पातळ. निम्म्याच्या खाली परत परत उतरवली की ती लवकर मरते, आणि जंगलात गाडी चालू झाली नाही तर टीव्हीचं काय करायचं. म्हणजे आपल्या हातात जेमतेम १५-१६ एएच. ५.४ ने भागलं तर तीन तास पण होत नाहीत. शिवाय इन्व्हर्टर बाराचे दोनशेवीस करणार आणि टीव्हीच्या आतला सप्लाय ते परत खाली आणणार, दोन्हीकडं वीज उष्णतेत जाणार. आणि इन्व्हर्टर ओरडतो तो साडेदहा व्होल्टच्या आसपास, तोपर्यंत सेल्फपुरतं काही उरलेलं नसतं, रविवारी तेच झालं.

"मधला माणूसच काढून टाक," दाजी म्हणाले. म्हणजे बारा व्होल्टवर सरळ चालणारा टीव्ही बघायचा.

१५ ऑक्टोबर, रविवार, घटस्थापना

लहान टीव्हीत बऱ्याच वेळा सप्लाय आत नसतो, लॅपटॉपसारखा बाहेर ॲडॅप्टर असतो. मागं स्टिकर वाचायचं. डीसी १२ व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या कामाचा, १९ व्होल्ट असेल तर सोडून द्या. जुन्या टीव्हीच्या दुकानात दीड तास एकेक टीव्ही उलटा करून बघितला, चौथा २४ इंची सापडला, १२ व्होल्ट ३ ॲम्पियर, ॲडॅप्टरसकट २,८०० ला. दुकानदार चांगला, वीस मिनिटं चालवून दाखवला.

घरी मोजला : फुल ब्राइटनेसला २.१, निम्म्यावर १.५. फ्री डिशचा नवीन सेट छत्री, बॉक्स आणि एलएनबी (छत्रीपुढं बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) यासकट १,५०० ला घेतला, त्याचा बॉक्स पण बारा व्होल्टचाच निघाला, एलएनबी धरून ०.७. म्हणजे दोन्ही मिळून सव्वादोन ते पावणेतीन. गेल्या रविवारच्या तुलनेत निम्मं. डीडी स्पोर्ट्सवर या वर्ल्डकपच्या भारताच्या मॅचेस लागतात त्यामुळं महिन्याचं रिचार्ज वगैरे भानगड नाही.

एक तास गेला तो पिनेपायी. टीव्हीच्या जॅकला बाहेरून ५.५ ची पिन बसते पण आतलं भोक दोन मापात येतं, २.१ आणि २.५. मी चुकीची आणली, ती बसते, टीव्ही पण चालू होतो, पण हात लागला की बंद. मला वाटलं टीव्हीच खराब दिला. बरोबर पिन २० ची, मी तीन आणल्या, ६० रुपये. आणि जोडायच्या आधी ॲडॅप्टरवरचं चिन्ह बघून आतली पिन प्लस आहे का याची मीटरने खात्री करा, उलटं जोडलं की २,८०० गेले.

१९ ऑक्टोबर

मॅच पुण्यात, गहुंज्याला, ऑफिसातले दोघं बघायला गेलेत. मी सातला घरी येऊन ओम्नीच्या बॅटरीला सरळ वायर जोडून बसलो. घरात पडलेली बारीक वायर होती पाऊण एमएमची, कमी पडली म्हणून ९० रुपयांची अजून आणली, बॅटरीपासून मागच्या दारातल्या टीव्हीपर्यंत पाच मीटर.

कोहलीचं शतक होईपर्यंत टीव्ही तीनदा बंद पडला. आवाज वाढवला की बंद, मैदानावरचा लख्ख उजेड स्क्रीनभर आला की बंद. बॅटरीवर मीटर लावलं तर १२.३. टीव्हीच्या पिनेवर ११.४. पाऊण-एक व्होल्ट वायरमध्येच जात होता. पाच मीटर जायचे आणि पाच यायचे, दहा मीटर बारीक वायर, त्यात माझे पिळून टेप मारलेले दोन जोड. दोनशेवीसवर ही वायर कळत सुद्धा नाही कारण तिथं करंट एवढासा, पण बाराला तोच टीव्ही अठरापट करंट ओढतो आणि वायर त्याप्रमाणात व्होल्ट गिळते.

दुसऱ्या दिवशी अडीच एमएमची लाल आणि काळी, सहा-सहा मीटर, ४२० रुपये. जोड सगळे सोल्डर, बॅटरीकडं लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) दाबून. लाल वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरावर ५ ॲम्पियरचा फ्यूज, होल्डरसकट ४०. फ्यूज टीव्हीच्या बाजूला लावून उपयोग नाही, वायर मध्ये कुठं पत्र्याला घासली तर बॅटरीपासून तिथपर्यंत पेटायला मोकळी राहते. आता तोटा पाव व्होल्टच्या आत.

२२ ऑक्टोबर, रविवार

न्यूझीलंडची मॅच. टीव्ही लावून मधेच गाडी चालू केली, बॅटरी थोडी चार्ज व्हावी म्हणून. सहज मीटर लावलं तर १४.३! बाराचा टीव्ही आणि त्याला सव्वाचौदा. लगेच पिन उपसली. टीव्ही वाचला, पण दाजींना फोन केला तर ते जरा आवाज चढवूनच बोलले. गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा, बंद असताना पावणेतेरा ते बारा, असा हा सप्लाय वर-खाली होतो, तो सरळ बाराला धरून ठेवणारं काहीतरी मध्ये पाहिजे. वर गेला तर खाली आणणारं आणि खाली गेला तर वर उचलणारं, दोन्ही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं हेच काम करणारं छोटं निळं मॉड्यूल १८० ला आणलेलं होतंच, त्याच्यावर ४ ॲम्पियर लिहिलंय. पाऊण तास चाललं. मग वास आला, बोट लावलं तर चटका, आणि टीव्ही काळा. गार झाल्यावर परत चालू, परत बंद. लिहिलेला आकडा त्या चिपचा क्षणभराचा असतो, तास न् तास द्यायचा नाही. आपल्याला पावणेतीन लागतात तर सहाचं घ्या.

ॲल्युमिनियमच्या डबीत ओतून सील केलेलं १२ व्होल्ट ६ ॲम्पियरचं मागवलं, १,१५०. दसरा मध्ये आल्याने शनिवारी हातात आलं. सहा दिवस गेले.

२९ ऑक्टोबर, रविवार

आज पूर्ण मॅच ओम्नीच्या बॅटरीवर, इंजिन एकदाही चालू न करता. नवीन डबी हाताला कोमट लागते, बस्स. चित्र एकदम स्थिर. बॅटरीवरचा करंट २.९ दिसतोय, डबी स्वतः थोडं खाते.

यावेळी लो-व्होल्टेज कटऑफचं मॉड्यूल पण लावलं, ३२० ला. बॅटरी ठरवलेल्या आकड्याखाली गेली की ते टीव्ही तोडतं आणि गाडी चालू होण्यापुरतं राखून ठेवतं. मी १२.१ ला तोडायला लावलं आणि परत जोडायला १२.३. हे चुकलं. पावणेसहाच्या आसपास, इंग्लंडची बॅटिंग सुरू व्हायच्या आधी, १२.१ ला तोडलं. तोडल्याबरोबर बॅटरीवरचा भार गेला, ती आपोआप १२.३ वर आली, मॉड्यूलने परत जोडलं, भार आला की परत १२.१, परत तोडलं. टीव्ही टिक-टिक-टिक दर दहा सेकंदाला. हे असं चार-पाच मिनिटं झालं असेल, बॉक्स मधल्यामध्ये अडकला आणि त्याला पुन्हा चॅनल शोधायला लावावे लागले. परत जोडायचा आकडा १३.० वर नेला, म्हणजे गाडी चालू करून चार्जिंग सुरू झाल्याशिवाय ते जोडतच नाही. आता बरोबर.

गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, त्याचा लय आनंद झाला. पण चार तास म्हणजे अर्धी मॅच. इंग्लंडच्या विकेटा घरात जाऊन बघितल्या. आता हे स्पष्ट आहे की दुसरी बॅटरी पाहिजेच, गाडीच्या बॅटरीला हात न लावता.

इंजिन चालू ठेवून बघता येईल असं पुतण्या म्हणाला. येईल, पण आठ तास पेट्रोल जाळायचं, धूर मागच्या दारातच, आणि अण्णा तिथं पाण्याचा आवाज ऐकायला चाललेत.

२ नोव्हेंबर

चुलत भावाकडं फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या, बारा व्होल्ट बारा एएच. दोन्ही समांतर जोडून चोवीस एएच होतात. दाजींना हे पसंत नव्हतं, एक नवी एक जुनी असली की जुनी नवीला ओढते, पण बघू म्हणलं. ऑफिसातनं येईपर्यंत आपले ३५७ झालेले. सव्वासहाला बॅटऱ्यांवर लावला आणि श्रीलंका ५५ मध्ये खलास! विसाव्या ओव्हरमध्येच सगळं आटोपलं, आरडाओरडा, पोरं रस्त्यावर, आणि मी पण टीव्ही बंद करून बाहेर. टेस्ट अर्धवट. तो चालू ठेवायला पाहिजे होता, दुसरं काहीही लावून, आकडा मिळाला असता. दोन तासात १२.८ वरनं १२.३ झालं होतं, एवढंच हाताशी आहे. म्हणजे आठ तास जाणार नाहीत असंच दिसतंय.

५ नोव्हेंबर, रविवार

भावाच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी गोठ्यात पडून होती, ८८ एएच. म्हणाला घेऊन जा. बॅटरीवाल्या काकांकडं रात्रभर चार्जिंगला लावली, ८० रुपये. सकाळी १२.६ दाखवत होती, मी खुश.

दीड तासात ११. आफ्रिकेची बॅटिंग पण सुरू झाली नव्हती.

काकांकडं परत नेली. त्यांनी झाकणं काढून हायड्रोमीटरने एकेका सेलचं पाणी ओढून त्याचा दाटपणा बघितला. पाच सेल १.२४ च्या आसपास आणि एक १.१२. "हा बसलाय, बाकीचे पाच याच्यामुळं मेले." नुसतं व्होल्ट बघून बॅटरी घेऊ नका हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. भार न लावता मेलेली बॅटरी पण साडेबारा दाखवते. पातळ ॲसिडच्या, झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर खरं बोलतो, पूर्ण चार्ज सेल १.२६-१.२७ ला असतो आणि सगळे सेल जवळजवळ सारखे पाहिजेत.

मग भावाला फोन केला, चालू ट्रॅक्टरचीच बॅटरी दोन दिवस देशील का. अजून ऊसतोडीची टोळी आपल्या रानात आलेली नाही, ट्रॅक्टर उभाच आहे. तो म्हणाला, "अण्णांसाठी पाहिजे ना, मग विचारतोस काय." चौदा महिन्यांची आहे. सहाही सेल १.२६ ला.

११ नोव्हेंबर

बॅटरी मिटली, आता छत्री. इथं माझा अख्खा शनिवार गेला, फराळाचं काम सोडून गच्चीवर होतो म्हणून घरात पण बोलणी बसली.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, तो ९३.५ अंश पूर्वेला. साताऱ्याहून आग्नेयेकडं, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १३० अंश, आणि उंची साधारण ६० अंश. ही उंची आपल्या फायद्याची आहे, कोयनेच्या दरीत चारी बाजूला डोंगर असले तरी ते एवढे वर येत नाहीत, अडवतात ती झाडं.

मी मोबाईलवर कोन बघून छत्रीचा चेहरा ६० अंश वर केला आणि दोन तास डावी-उजवीकडं फिरवत बसलो. शून्य. ही छत्री ऑफसेटची असते, एलएनबी मधोमध नाही तर खालून बघतो, त्यामुळं छत्री दिसते त्यापेक्षा २४ अंशाच्या आसपास जास्त वर बघत असते. म्हणजे चेहरा ३६ अंशच वर पाहिजे. दिसायला बरीच उभी वाटते. ते कळल्यावर पाच मिनिटांत सिग्नल आला. २८० चं पीं-पीं करणारं सिग्नल फाइंडर घेतलेलं, ते बरोबर कोनाच्या जवळ आल्यावर कामाला येतं, लांब असताना नाही.

पाइप एकदम ओळंब्यात उभा पाहिजे, नाहीतर बाजूला फिरवताना उंची पण बदलते आणि सगळं गणित जातं. वेल्डिंगवाल्याकडनं फूटभर पत्र्याच्या जाड प्लेटवर कडेला पाइप जोडून घेतला, ४५०. गाडीचं मागचं चाक प्लेटवर चढवायचं, पाइप हलत नाही. वाऱ्याला पण हलला नाही.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

ताई-दाजी दुपारीच आले, ओवाळणं मॅचच्या आधी उरकलं. आज सेमीफायनल, पूर्ण तालीम. गाडीत, गच्चीवर नाही, छत्री प्लेटवर, ट्रॅक्टरची बॅटरी, फ्यूज, कटऑफ, डबी, टीव्ही, सगळं तिथं जसं असणार तसं.

दीडला १२.७२. साडेपाचला १२.५१. मॅच साडेदहाच्या सुमाराला संपली तेव्हा १२.३० भारासकट. नऊ तास! कोहलीचं पन्नासावं शतक, शमीच्या सात विकेटा, आणि मी दर तासाला वहीत व्होल्ट लिहितोय. सकाळी भार नसताना १२.४४, म्हणजे पाऊण बॅटरी अजून शिल्लक. गुरुवारी काकांकडं परत चार्जिंग, ८० रुपये.

एक गोष्ट दाजींनी सुधारली. बॅटरी मी गाडीत सीटमागं ठेवली होती. ती पातळ ॲसिडची, यवतेश्वरच्या घाटात हिंदकळून सांडली तर पत्रा खाईल आणि पायाखाली पोरं. भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये बसवली, टर्मिनलवर सायकल ट्यूबचे तुकडे, क्रेट दोरीने सीटच्या पायाला. तिथं पोचल्यावर गाडीच्या बाहेर काढून ठेवायची, झोपतो त्या बंद जागेत असली बॅटरी ठेवायची नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार, बामणोलीजवळ

कासवरनं आलो. फुलांचा हंगाम कधीच संपलाय, रस्ता मोकळा. चारला वावरात गाडी लावली, समोर पाणी, पलीकडं वासोट्याच्या बाजूचे डोंगर. अण्णा उतरले ते सरळ पाण्याकडं गेले आणि बराच वेळ तिथंच उभे होते. कुठल्या बाजूला गाव होतं ते त्यांनी पोरांना हाताने दाखवलं.

मी छत्री लावायला घेतली. जागा निवडताना सावली बघितली, जांभळीखाली गाडी लावली म्हणजे टीव्हीवर ऊन नको. आणि छत्रीच्या बरोबर समोर तीच जांभळ. गाडी पंधरा फूट पुढं घ्यावी लागली. मग तरी सिग्नल नाही. अंधार पडला, टॉर्चच्या उजेडात परत कोन, परत ओळंबा, फाइंडर गप्प. तासाभराने दाजींनी केबलची टोकाची पिन उघडली तर बाहेरच्या जाळीची एक बारीक तार मधल्या तांब्याला लागून बसलेली. एलएनबीला सप्लायच जात नव्हता. घरी चालत होतं, घाटातल्या हादऱ्यात ती तार सरकली असणार. तार कापली, पिन परत वळली, आठ वाजता बातम्या दिसल्या. चाकू, टेप आणि दोन जादा पिना बरोबर ठेवा, इथं दुकान नाही.

पाइपवर आणि प्लेटवर खडूने खूण करून ठेवली. रात्री गवे उतरतात म्हणून शेतकऱ्याने सांगितलं आवाज मोठा ठेवू नका, दहाला सगळं बंद.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी छत्री हललेली नाही. ट्रॅक्टरची बॅटरी १२.७४.

दीडला लावला तर उघड्यावर काहीच दिसेना. गच्चीवर आणि पार्किंगमध्ये हे कळलंच नव्हतं, इथं पाण्यावरनं येणारा उजेड सरळ स्क्रीनवर. मागचं दार वर उचलून त्यावरनं ताडपत्री दोन्ही बाजूला खाली सोडली, टीव्ही आत ढकलला, ब्राइटनेस फुल. आता दिसायला लागलं. करंट ३.३ वर गेला. उन्हात बघायचं असेल तर हिशेब फुल ब्राइटनेसचाच धरा, मी निम्म्याचा धरला होता, बॅटरी मोठी होती म्हणून चाललं.

शेतकऱ्याच्या घरचे आले, मग बोटीवरची चार पोरं, मग त्यांच्या ओळखीचे. तेरा-चौदा माणसं २४ इंचासमोर, अण्णा पुढं खुर्चीवर. कोहली बोल्ड झाला तेव्हा तिकडं स्टेडियम गप्प आणि इकडं पण सगळे गप्प. २४० झाले. साडेपाचला १२.४३.

अंधार पडल्यावर तीन गोष्टी झाल्या ज्या कुठल्याच तालमीत झाल्या नव्हत्या. एक, किडे. अंधारात तेवढाच उजेड, स्क्रीन पाखरांनी भरली. ब्राइटनेस तिसऱ्या हिश्श्यावर आणला आणि वीस फुटांवर झाडाला चार्जिंगचा दिवा टांगला, बरीचशी तिकडं गेली. करंट पण २.३ वर आला. दोन, दव. सातनंतर सगळं ओलं व्हायला लागलं, पाण्याकाठी नोव्हेंबरात लय दव पडतं. टीव्हीवर ताडपत्री होतीच, पण डबी आणि कटऑफ गवतावर होते, ते उचलून डब्यात घातले. तीन, अंधारात कुणीतरी वायरीत पाय अडकवला आणि पिन निघाली, तेव्हाच ऑस्ट्रेलियाची तिसरी विकेट गेली होती ४७ ला आणि सगळे ओरडत उठले होते. बॉक्स परत चालू व्हायला दीड मिनिट, माझ्या आयुष्यातलं मोठं दीड मिनिट. वायर दाराच्या बिजागरीला बांधून टाकली. ती दुपारीच बांधायला पाहिजे होती.

त्यानंतर विकेट पडलीच नाही बराच वेळ. हेड खेळत राहिला. एकेक जण उठून गेले. साडेनऊच्या आत मॅच संपली, आपण हरलो. व्होल्ट १२.२८. आठ तास, एकदाही बॅटरीमुळं बंद नाही.

मला वाटलं अण्णा काही बोलतील. ते थोडा वेळ तसेच बसले, मग म्हणाले, "बंद कर रे, बॅटरी परत द्यायचीय." आणि खुर्ची उचलून पाण्याकडं तोंड करून ठेवली. आम्ही अकरापर्यंत तिथंच बसलो होतो, ते गावातल्या यात्रेचं सांगत होते.

२० नोव्हेंबर

सकाळी ओम्नी पहिल्या सेल्फला चालू. तिच्या बॅटरीला दोन दिवसात हात लावलेला नाही.

२२ नोव्हेंबर

ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी १२.४५ होती, काकांनी यावेळी चार्जिंगचे पैसे घेतले नाहीत, अण्णांचं विचारलं आणि हायड्रोमीटरने सगळे सेल परत बघून दिले. भावाने बसवली, ट्रॅक्टर लगेच चालू.

वर लिहिलेला खर्च, चार्जिंग सोडून, ८,१९०. ८० चं चार्जिंग तीनदा झालं, एकदा मेलेल्या बॅटरीवर, एकदा तालमीच्या आधी आणि एकदा नंतर. १२० चा छोटा व्होल्टमीटर राहिला लिहायचा, तो डब्यावर कायमचा बसवलाय. ते सगळं धरून ८,५५०. त्यातले इन्व्हर्टरचे ९००, निळ्या मॉड्यूलचे १८०, बारीक वायरीचे ९० आणि मेलेल्या बॅटरीच्या चार्जिंगचे ८० वाया. वेळ सहा आठवडे, पण आधी मोजून घेतलं असतं तर दोन रविवारात होण्यासारखं काम आहे.

बदलायचं ते एवढंच. ट्रॅक्टरची बॅटरी उचलून नेताना दाजींची आणि माझी कंबर भरून आली, वीस-बावीस किलो तरी असेल, पुढच्या वर्षी जमलं तर लिथियम फॉस्फेटची ३० एएचची बघणार, ती जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि चार किलोच्या आसपास भरते. तिला चार्जर वेगळा लागतो, तो धरून बजेट बघायला पाहिजे. अण्णांनी काल विचारलं उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर परत जायचं का, तेव्हा जुन्या गावाकडची जमीन उघडी पडते. म्हणून छत्रीच्या पाइपवरची खडूची खूण आज पांढऱ्या ऑइलपेंटने पक्की केली.